मुरलीराव लाइट घालवतात

तंजावरात राजवाड्याच्या मागच्या अंगाला मराठी घरांची एक जुनी गल्ली आहे. तिथल्या मुरलीकृष्ण रावांनी आयुष्यभर लोकांच्या घरी लाइट आणली. वीजखात्यात लाइनमन म्हणून लागले आणि खांब चढता चढता लाइन इन्स्पेक्टर झाले. वादळात माड आडवे झाले तरी यांची सायकल गावोगावच्या तारा तपासत फिरायची. असा माणूस सेवानिवृत्ती तोंडावर आलेली असताना आपल्याच गल्लीची लाइट रोज संध्याकाळी चोरून घालवू लागला, हे ऐकून कुणालाही वाटेल की त्याचं डोकं फिरलं. डोकं अगदी जागेवर होतं. बायकोचा पाय जागेवर राहावा म्हणून तो सगळा खटाटोप होता.

बायको म्हणजे कनकलता, साऱ्या गल्लीची कनकाक्का. तिला साखरेचा आजार होता. डाव्या अंगठ्याला झालेली जखम महिनोन्‌महिने भरेना, आणि एकदाची भरली तेव्हा डॉक्टरांनी मुरलीरावांना बाजूला घेऊन तमिळमध्ये स्पष्ट सांगितलं. "या खेपेला वाचला. आता रोज संध्याकाळी मऊ चपला घालून चांगलं चालू द्या, मोकळ्या हवेत. साखर आटोक्यात राहिली तर पाय राहील. नाहीतर पुढच्या वेळी मी औषध लिहून देणार नाही, सर्जनचं नाव लिहून देईन."

मुरलीराव घरी आले ते पांढरेफटक पडून. कनकाक्काला त्यांनी सगळं सांगितलं, फक्त सर्जनचं तेवढं गिळलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सकाळीं सैपाक आहे, दुपारीं ऊन आहे, सांजेस टीवी आहे. मग चालूं केव्हां, तें तुम्हींच सांगा."

आता त्या टीव्हीचं सांगायला हवं. देशाने बाजाराची दारं उघडली ती दिल्लीत, पण वारं शिरलं ते थेट आमच्या गल्लीत. गच्चीगच्चीवरून केबलची काळी वायर वेलीसारखी पसरली. हप्त्यांवर रंगीत टीव्ही आले, फ्रिज आले, फ्रिजमध्ये काळं गोड पाणी आलं. संध्याकाळी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून आल्यागेल्याची चौकशी करणारी माणसं आत जाऊन दार लावून बसू लागली, कारण सातला सीरियल लागायची. त्या सीरियलमध्ये एक सून होती, ती रोज रडायची, आणि तिच्या दुःखाने आमच्या गल्लीतल्या धडधाकट बायका मुरुक्कू, म्हणजे आमची चकली, खात खात हळहळायच्या. पुरुष मंडळी आपण पेपर वाचतो असं दाखवून कान तिकडे लावायची. एकेकाचं पोट सुटलं, झोप उडाली, बीपी चढलं. गल्लीत औषधाचं दुसरं दुकान निघालं आणि तेही चाललं.

गल्लीच्या टोकाला नाचियार कुळम नावाचं दगडी पायऱ्यांचं तळं होतं. एकेकाळी त्याच्यामुळे घरोघरच्या विहिरींना पाणी असायचं. आता त्यात जलपर्णी माजली होती आणि नव्या जमान्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या तरंगत होत्या. तिकडे कुणी फिरकत नसे. शेजारची वेंकूबाई तेवढी अधूनमधून आपल्या आटलेल्या विहिरीत डोकावून म्हणायची, "कुळम मेलं, विहीर मेली. आतां आपला नंबर." पण वेंकूबाईला वाईटच बोलायची सवय, म्हणून तिचं कुणी मनावर घेत नसे.

मुरलीरावांनी साम, दाम सगळं करून पाहिलं. देवळात चल म्हणाले, तर कनकाक्का ऑटोरिक्षा बोलावून देवळात गेली आणि प्रदक्षिणा मनातल्या मनात घातली. एकदा रुसले, जेवले नाहीत. तिने त्यांचा भात झाकून ठेवला आणि टीव्ही लावला. आपल्या डोळ्यांदेखत ही बाई एका पायाला मुकणार आणि आपण बघत बसणार, या विचाराने त्यांना रात्र रात्र झोप येईना.

मग चैत्रातल्या एका संध्याकाळी, सून नुकती रडायला लागली होती तेवढ्यात, माडाची एक झावळी तारेवर पडली आणि गल्लीची लाइट गेली. पंखे थांबले. आत भट्टी पेटल्यासारखं उकडू लागलं. एकेक दार उघडलं, माणसं ओट्यांवर आली. तरी वारा नाही. मग वेंकूबाई म्हणाली, "कुळमाकडं वारा असेल, चला गे." आणि काय आश्चर्य, कनकाक्का उठली, चपला घातल्या आणि बायकांबरोबर निघाली. मुरलीराव खांबाखाली उभे राहून बघत राहिले. ती झावळी काढणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ, पण त्या दिवशी त्यांच्या हाताला लकवा भरला. काठी सापडेना, शिडी सापडेना. बायका तळ्याला दोन फेऱ्या मारून परतल्या तेव्हा कुठे यांना शिडी सापडली. त्या रात्री कनकाक्का गाढ झोपली, आणि मुरलीराव मात्र जागे राहून आढ्याकडे बघत हसत होते.

गल्लीचा ट्रान्सफॉर्मर मारुतीच्या देवळापलीकडे, कडुनिंबाच्या आड होता. त्याच्या खांबाला खाली एक लोखंडी दांडा असतो. तो ओढला की वरच्या तारा सुटतात आणि सगळी गल्ली अंधारात. दांड्याला कुलूप असतं आणि कुलपाची चावी लाइन इन्स्पेक्टरकडे. आमचे मुरलीराव ती चावी जानव्याला बांधून फिरत. कुंपणानेच शेत खायचं ठरवल्यावर राखण कोण करणार?

दुसऱ्या दिवशी सातच्या सुमाराला "तयिर आणतों," असं सांगून, म्हणजे दही आणायच्या निमित्ताने, ते बाहेर पडले आणि सूनबाई रडायला तोंड उघडते न उघडते तोच गल्ली काळीठिक्क झाली. तिसऱ्या दिवशी तेच. बायका तळ्यावरून परतल्या की थोड्या वेळाने लाइट परत यायची. चौथ्या दिवशी लोक तक्रार घेऊन आले, आणि येणार कुणाकडे? गल्लीतल्या वीजखात्याच्या माणसाकडे. मुरलीरावांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि लोड, फेज, वरची लाइन असे शब्द एकापुढे एक ठेवले. त्यातून कुणालाच काही कळलं नाही, त्यामुळे सगळ्यांचं समाधान झालं. "दुरुस्ती मोठी आहे," ते म्हणाले. "वेळ लागेल. तोंवर घरांत उकडून घेऊं नका, कुळमाकडं वारा आहे."

त्यांच्या बाजूने एवढं सांगायला हवं की मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत त्यांनी दांड्याला हात लावला नाही, आणि कुणाच्या घरी आजारी माणूस यंत्रावर नाही याची खात्री करून घेतली होती. चोर होते, पण नेमधर्माचे.

आता गंमत अशी की माणसाला अंधारात बसवलं तर तो आधी कुरकुरतो, मग बोलायला लागतो आणि शेवटी बघायला लागतो. पहिले काही दिवस लोक तळ्याच्या पायऱ्यांवर नाक धरून बसले. मग नाक धरून किती दिवस बसणार, म्हणून रविवारी सकाळी येऊन घाण काढू लागले. बँकेतले रघुराम राव लुंगी खोचून जलपर्णी ओढताना दिसले. आयुष्यात त्यांनी पेनाहून जड काही उचललं नव्हतं. पाण्याचा तुकडा मोकळा झाला तशी मासळी वर आली, बेडकं बोलू लागली. मासे डासांची अंडी फस्त करतात, हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलं होतं, पण डास कमी झाल्यावर पहिल्यांदा पटलं. खंड्या दिसला तेव्हा तर दोन म्हाताऱ्यांची त्याच्या मराठी नावावरून जुंपली. पहिल्या मोठ्या पावसानंतर वेंकूबाईच्या विहिरीत हातभर पाणी आलं. ती बिचारी फार अडचणीत आली, कारण आता वाईट काय बोलावं ते तिला सुचेना.

आणि कनकाक्का चालत होती. आधी बायकांच्या मागे, मग बरोबरीने, मग पुढे. तळ्याला फेऱ्या घालताना मुरलीराव तिच्या बाजूने चालायचे. अंधारात एकमेकांची तोंडं दिसत नसल्यामुळे की काय, लग्नानंतर कधी बोलले नव्हते इतकं बोलायचे. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट बघून चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. "तयिर आणलं," मुरलीराव म्हणाले.

पण सगळ्यांचं भलं झालं की एकाचं वाईट होतंच. केबलवाला साईराम हैराण झाला. सातला टीव्हीच बंद, तर केबल हवी कशाला, असं घराघरांतून ऐकायला येऊ लागलं. त्याने वीजखात्यात अर्ज ठोकला की शेजारच्या गल्लीत लाइट असते, पलीकडच्या गल्लीत असते, हीच गल्ली रोज अंधारात कशी, याची चौकशी व्हावी.

चौकशीला आली ती नवी इंजिनीअर तामरैसेल्वी. तरणीताठी, केसांत मोगरा, मनगटावर पुरुषी घड्याळ. तिने ट्रान्सफॉर्मर तपासला. तो ठणठणीत होता. तिने दांड्याला हात लावला. नेहमी वापर असल्यासारखा तो तुळतुळीत झालेला होता. मग तिने मुरलीरावांकडे बघितलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "राव सार, आज संध्याकाळी मी तुमच्या घरी येते. सात वाजता काय होतं ते आपण दोघं बसून बघू." मुरलीराव मनात हिशोब करू लागले. आज लाइट गेली नाही, तर रोज कोण घालवत होतं हे सिद्ध होणार. गेली तर ते इथे बसलेले असताना जाणार कशी? पेन्शन डोळ्यांपुढून निघून गेली. आणि पेन्शनहून वाईट म्हणजे उद्यापासून कनका पुन्हा त्या टीव्हीपुढे बसणार.

तामरैसेल्वी साडेसहालाच आली आणि बैठकीतल्या खुर्चीत ऐसपैस बसली. टीव्ही चालू होता. कनकाक्काने मुरुक्कूचं ताट पुढे ठेवलं, पेला आणि डबरा, म्हणजे पेल्याखालची खोलगट वाटी, अशी कॉफी आणली.

तंजावरच्या मराठी घरांत एक फार जुनी सोय आहे. बाहेर तमिळ बोलायचं, आणि पाहुण्यासमोर पाहुण्याबद्दल बोलायचं असेल तर मराठी. साडीच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडावर त्याच्या मालाला नावं ठेवायची ती मराठीत. भाड्याचं घर बघायला गेलं तर निकाल तिथल्या तिथे, हसत हसत, मराठीत. तीनशे वर्षं ही युक्ती चालत आली आहे, आणि तिच्यावर आमच्या लोकांचा देवापेक्षा जास्त विश्वास. फक्त चेहरा गोड ठेवायचा.

कनकाक्काने चेहरा गोड ठेवला आणि ताट सारखं करत म्हणाली, "ही कोण बया, मुळें फुटल्यासारखी बसलीय?"

मुरलीरावही हसले. "मजवर पहारा आहे. आतां कांहीं उपाय नाहीं."

"चावी द्या," कनकाक्का म्हणाली. सूर असा, की कॉफीत साखर पुरे का विचारतेय. "मी जातें."

मुरलीरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "कसली चावी?"

"जानव्याची. रोज करंट जायच्या आधीं तुम्ही तयिर आणतों म्हणून जातां आणि रित्या हातानं येतां. या घरांत तयिर मींच विरजतें. मजला कळणार नाहीं होय?"

"केव्हांपासून ठाऊक आहे तुला?"

"दुसऱ्या दिवसापासून."

इंजिनीअरबाईने मुरुक्कू मोडत तमिळमध्ये विचारलं, "अक्का काय म्हणतात?"

"मुरुक्कू खुसखुशीत झालाय का विचारतेय," मुरलीराव म्हणाले.

"फार छान झालाय," ती म्हणाली.

कनकाक्काने मान डोलावून तिचे आभार मानले आणि नवऱ्याकडे वळली. हसू तसंच, पण डोळे भरून आले होते. "तुम्हांस वाटलं मजला त्या सीरियलचं वेड आहे. वेड कसलं! मजला पायाची भीति वाटायची. समोर कांहीं हालत असलं कीं खालीं बघावं लागत नाहीं, म्हणून बसत होतें. डॉक्टर तुम्हांस बाजूला घेऊन काय बोलला तेंही मी त्या दिवशीं दाराआडून ऐकलं होतं. घाबरून बसलें होतें, आणि तुम्हांस वाटलं हट्टानं बसलीय."

इतकी वर्षं संसार केला आणि बायकोची भीती आपल्याला कळली नाही, याची मुरलीरावांना लाज वाटली. पण समोर पाहुणी होती, म्हणून त्यांनी दात दाखवत मान हलवली.

"तुम्ही माझ्या पायापायीं नोकरी पणास लावली," ती म्हणाली, "आणि तोंडानं एक शब्द सांगितला नाहीं. खुळे आहांत. आतां इथंच बसा, हलूं नका. चावी डबऱ्यांत टाका."

मुरलीरावांनी पाठ खाजवण्याचं निमित्त करून शर्टात हात घातला. जानव्याची गाठ सोडताना त्यांना घाम फुटला. चावी कॉफीच्या रिकाम्या डबऱ्यात पडली ती खण्ण करून. कनकाक्काने डबरा उचलला आणि इंजिनीअरबाईला तमिळमध्ये म्हणाली, "बसा हं. मी जरा तयिर घेऊन येते."

ती गेली. आजवर अंधारात ती एकटी दाराबाहेर पडली नव्हती, आणि देवळापलीकडे तर दिवसाही ऑटोशिवाय गेली नव्हती. मुरलीराव घड्याळाकडे बघत बसले. पडद्यावर सीरियलचं गाणं वाजलं. सून आली, तिने पदर डोळ्यांना लावला. मुरलीरावांनी मनात मारुतीचं नाव घेतलं. आणि गल्ली काळीठिक्क झाली.

मुरलीराव अंधारात ताठ बसून राहिले. सुटलो, असं त्यांना वाटलं. मी इथे, तुमच्यासमोर, आणि लाइट गेली. यापुढे साईराम काय, त्याचा बाप आला तरी काही सिद्ध करू शकणार नाही.

मग समोरच्या खुर्चीतून इंजिनीअरबाईचा आवाज आला, मोजका आणि स्वच्छ. "राव, अक्कांस टॉर्च द्यायचा होता. देवळाच्या कोपऱ्यावर पाइपासाठीं खणून ठेवलंय. धडपडतील कीं."

मुरलीरावांना आधी वाटलं की आपल्याला भास झाला. ती मराठी होती. आणि पुस्तकातली नव्हे, याच गल्लीतली.

"मी ओरत्तनाडूची," ती म्हणाली. "शेजारीं राजम आजी होत्या. आई शेतावर जायची, मी त्यांच्याच घरांत वाढलें. आजी बोलायच्या मराठींत आणि मारायच्याही मराठींत. मुळें फुटल्यासारखी बसलीस, हें त्याच म्हणायच्या मजला."

मुरलीरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तीनशे वर्षांची भिंत आणि तिला भलं मोठं भोक. त्यांनी हात जोडले, पण अंधारात ते कुणाला दिसणार?

तेवढ्यात दारात चपलांचा आवाज झाला. कनकाक्का धापा टाकत आत आली. तिच्या आवाजात मुलीसारखी खुशी होती. "झालं हो काम. जड आहे मेला तो दांडा, लोंबकळलें तेव्हां खालीं आला. ती बया गेली काय?"

"नाहीं अक्का," खुर्चीतून उत्तर आलं. "बया इथंच आहे."

कनकाक्का भिंतीला टेकली. हातातली चावी पडली. ती कुठे पडली ते अंधारातही बरोबर ओळखून इंजिनीअरबाईने उचलली. मग ती चावी बोटांत फिरवत राहिली. मुरलीरावांना वाटलं, आता काय ती रिपोर्टातली वाक्यं जुळवत असेल.

"राव," ती शेवटी म्हणाली, "ही चावी माझ्यापाशीं राहील. उद्यां नवं कुलूप लागेल. मी लिहीन कीं दांडा सैल होता, आपोआप खालीं यायचा, आतां बसवला. तें शेवटचं वाक्य तरी खरं असूं द्या. उद्यांपासून या गल्लीचा करंट जाणार नाहीं. तुम्ही घालवलात, तर पुढलं पत्र माझ्या सहीचं असेल."

"नाहीं घालवणार," मुरलीराव म्हणाले. नोकरी वाचली होती, पेन्शन वाचली होती. पण त्यांच्या आवाजात जीव नव्हता. उद्या सात वाजता लख्ख उजेड असणार, पंखे फिरणार, दारं बंद होणार आणि ती सून रडायला हजर असणार. न राहवून ते विचारून गेले, "कनके, मग उद्यां?"

कनकाक्का दाराकडे वळलेली होती. बाहेर वेंकूबाई आणि बाकीच्या बायका तिला हाका मारत होत्या. तळ्यावरून बेडकांचा गलका येत होता.

"उद्यां टीवीचं बटण मी बंद करीन. तें काय खात्याच्या मालकीचं नाहीं," ती म्हणाली. "पण आज एवढा जीव टाकून मी काळोख केलाय, तो बसून काय वाया घालवतां? उठा दोघंही. तुम्हीही चला गे बाई, चपला बाहेर आहेत."